अर्धे वाक्य

गेल्या सुट्टीत अमेरिकेत भाच्याकडे गेलो होतो. वीस वर्षे मराठी शिकविणारा मी. त्याच्या टेबलावरचे स्कॅनर यंत्र मला अगदीच नवे! तो कामावर जाताच मी कळ फिरविली. अग्निशमन दलाचा कोणी घाबऱ्या आवाजात म्हणाला, "एक मुलगी अजून आत—" आणि सामसूम. तासभर मी त्याच लहरीला कान लावून बसलो.

भाचा आला नि हसला. "मामा, इथे लहरी थोड्या, खाती अनेक. म्हणून कोणालाच कायमची लहर नाही. बटण दाबले, की संगणक रिकामी लहर देतो. बोलणे संपले, की काढून घेतो. उत्तर येते दुसऱ्याच लहरीवर. कोणता गट कुठे गेला, हे एक नियंत्रण-लहर सतत सांगत असते. यंत्राला तिच्या मागावर सोडायचे."

मला आमचे नंदुरबारचे एस.टी. स्थानक आठवले. शहाद्याची गाडी कुठल्या फलाटाला लागेल, नेम नाही. फलाट धरून बसणारा चुकतो. कंट्रोलरच्या पुकाऱ्याकडे कान देणारा गाडी गाठतो!

आपल्याकडे मात्र हा छंद जपून. १९३३ च्या कायद्याने बिनपरवाना बिनतारी यंत्र बाळगणे गुन्हा ठरले; २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीची अट आहेच.

आणि ती मुलगी? सकाळच्या वर्तमानपत्रात एकच ओळ होती : सुखरूप. वाचकहो, माझी सुट्टी तेव्हा कुठे सुरू झाली!