मंडळीचा पाळक

मराठी ख्रिस्ती समाज चर्चच्या सभासदांना 'मंडळी' व धर्मसेवकाला 'पाळक' म्हणतो. मेंढपाळ कळप राखतो, तसा हा माणसे राखतो. रविवारची उपासना हा त्याच्या कामाचा लहानसाच भाग होय. आजाऱ्याची विचारपूस, लग्न, दफन, घरोघरचे तंटे, सारे त्याच्याकडेच येते. पण त्याचा पगार कोणी द्यावा? (मशिदीच्या पेशइमामांमुळे आम्हांसही हा प्रश्न परका नाही.) रेव्हरंड नारायण वामन टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. ख्रिस्ती धर्माला देशी रूप यावे, ही त्यांची धडपड. 1917 साली त्यांनी मिशनचे वेतन सोडून 'देवाचा दरबार' स्थापला. त्यांच्या त्यागाची कीर्ती झाली. त्यांच्या संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंनी कशी सोसली, हे 'स्मृतिचित्रे' वाचणारास ठाऊक आहेच.