रेषेआडचं लक्ष्य

यॉर्कशायरमधला तरुण खगोलनिरीक्षक विल्यम गॅस्कॉइन याच्या दुर्बिणीत १६४०च्या सुमारास एका कोळ्याने धागा ताणला. तो नेमका भिंगाच्या नाभीपाशी आला आणि पलीकडच्या दृश्याइतकाच स्वच्छ दिसू लागला. गॅस्कॉइनने मग मुद्दाम धागे बसवायला सुरुवात केली. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला, पण त्याची युक्ती टिकली. मोजणीच्या थिओडोलाइटमध्ये गेली, रायफलच्या स्कोपमध्ये आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅलिफोर्नियातल्या नॅन सोंगर कोळी पाळून अशा उपकरणांसाठी धागा पुरवत असत. कोळ्याच्या धाग्याबरोबर बारीक तार आणि काचेवर कोरलेल्या रेषाही वापरात आल्या. या रेषांच्या आकृतीला रेटिकल म्हणतात.

स्कोप घेणारा माणूस आधी विचारतो, किती पट मोठं दिसतं? माझ्या मते पहिला प्रश्न रेटिकलचा असायला हवा. लक्ष्य दाखवणारी रेषा त्याच लक्ष्याचा थोडा भाग झाकतेही. जाड घेतली तर बारीक लक्ष्य तिच्याआड जातं. बारीक घेतली तर अंधारात तीच हरवते.

जर्मनीतल्या शिकाऱ्याची अडचण हा अंधारच आहे. तिथल्या शिकार कायद्यानुसार खुरांच्या मोठ्या प्राण्यांपैकी रात्री मोकळीक आहे ती रानडुकराची. मचाणावर बसलेल्या माणसाला चांदण्यात काळं अंग काळ्या झाडीतून वेगळं काढायचं असतं. म्हणून ‘जर्मन नंबर चार’ या जुन्या आकृतीत डावीकडून, उजवीकडून आणि खालून तीन जाड दांडे येतात, मध्यभागी मात्र रेषा बारीक होतात. मधली रेषा दिसेनाशी झाली तरी दांड्यांच्या मधोमध नेम धरता येतो. अमेरिकेत ल्युपोल्ड कंपनीने १९६२ मध्ये आणलेली ‘ड्युप्लेक्स’ही याच विचाराची, फक्त दांडे चारही बाजूंनी. हल्ली मध्यभागी लाल ठिपका उजळतो. तो गरजेपेक्षा तेज ठेवला तर बाहुली आकसते आणि जनावरच दिसेनासं होतं.

लांब पल्ल्याच्या एफ-क्लास स्पर्धेत याच्या नेमकं उलट. तिथे १००० यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ सुमारे दहा इंचांचं, त्यातलं सर्वांत आतलं, ‘एक्स’चं वर्तुळ पाच इंचांचं. उजेड भरपूर, लक्ष्य जागचं हलत नाही. अशा ठिकाणी जाड दांडा निरुपयोगी. तिथले नेमबाज केसासारख्या रेषा आणि कोनाच्या एक अष्टमांश मिनिटाचा ठिपका पसंत करतात. तेवढा ठिपका १००० यार्डांवर जेमतेम सव्वा इंच झाकतो.

खरा गोंधळ मिलच्या खुणा असलेल्या रेटिकलचा. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. अर्धा मीटर उंचीची वस्तू दोन मिल व्यापत असेल, तर ती २५० मीटरवर आहे. हिशोब सोपा, पण तो उंचीच्या अंदाजावर उभा आहे. वस्तू प्रत्यक्षात ६० सेंटिमीटरची असेल तर अंतर ३०० मीटर होतं, आणि .३०८ या काडतुसाची गोळी तेवढ्यानेच बरीच खाली लागते. जनावराच्या अंगावर एवढा फरक म्हणजे स्वच्छ मृत्यू आणि फुटलेलं पोट यांच्यातलं अंतर. फरफटत झाडीत शिरलेल्या जखमी जनावराची जबाबदारी घोडा दाबणाऱ्याचीच असते.

शिवाय रेटिकल स्कोपमधल्या कुठल्या नाभीय पातळीत बसवलं आहे, हेही पाहावं लागतं. पहिल्या पातळीत असेल तर झूमबरोबर रेषाही लहानमोठ्या होतात आणि मिल कायम मिलच राहतो. दुसऱ्या पातळीत रेषा डोळ्याला तेवढ्याच दिसतात, पण मोजमाप सहसा सर्वांत मोठ्या झूमवरच खरं ठरतं. सोळा पटींवर खरी असलेली खूण आठ पटींवर दुप्पट होते. दोन मिल समजून धरलेला नेम प्रत्यक्षात चार मिलांचा, म्हणजे ३०० मीटरवर ६० सेंटिमीटरची चूक. शंभर-दीडशे मीटरच्या झाडीत शिकार करणाऱ्याला हा जाच कशाला? त्याने साधी जाड-बारीक आकृती घ्यावी, खुणांच्या जाळीवर पैसे घालू नयेत.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार बंद केली, आणि ते योग्यच झालं. महाराष्ट्राची नेमबाजी रेंजवर वाढली. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत स्कोप चालत नाही. मागे बारीक छिद्र, पुढे एक कडं. पन्नास मीटरवर ११२.४ मिलिमीटरचं काळं वर्तुळ, त्यात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. ते नुसत्या डोळ्याला दिसत नाही. नेमबाज काळं वर्तुळ कड्याच्या मधोमध बसवतो आणि न दिसणारा दहा मारतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिकच्या शातोरू इथल्या रेंजवर ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवलं, ते अशाच कड्यातून पाहून.

इथेही निवड आहेच. कडं फार घट्ट घेतलं की भोवतीची पांढरी पट्टी लुकलुकते, डोळा थकतो, आणि नेमबाज परिपूर्ण क्षणाची वाट पाहत गोळी लांबवतो. रेंजवर नव्याने जाणाऱ्या मुलामुलींनी नेमबाजीचं महागडं जाकीट घेण्याआधी दोन-तीन मापांची कडी लावून पाहावीत आणि शंका आली तर मोठ्या मापाचं निवडावं.