नाव चार्जर, दारं चार!

मसल-कारचं नाव, फॅमिली कारची दारं आणि पोटात बॅटरी. न्यू जर्सीत नव्या डॉज चार्जरशी झालेली पहिली भेट... सोबत नायगावचा एक फियाटवाला!

एडिसनला दादाच्या घरासमोर ती उभी होती आणि मी चक्क तिची मागची दारं शोधत होतो. (दादा म्हणजे चुलतभाऊ. पण नायगावच्या बीडीडी चाळीत एकाच मजल्यावर वाढलो, त्यामुळे सख्खाच.) छप्पर मागे असं उतरत जातं आणि हँडल्स बॉडीत अशी बुजवलीत की लांबून गाडी दोन दारांचीच वाटते. साइडने तर एकदम किलर लुक! मी मोबाइल काढून फोटोच काढत सुटलो.

बाबा मात्र नाव ऐकून थबकले. ‘‘डॉज? ही तर आपल्या कुर्ल्याला बनायची!’’

दादाला वाटलं, काका फेकतायत. पण खरंच! वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी हातमिळवणी करून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या कुर्ल्यात जोडल्या होत्या. फियाट त्यानंतरची. बाबांना लहानपणच्या त्या भल्यामोठ्या अमेरिकन गाड्या अजून आठवतात. आणि फियाट? ती त्यांनी आयुष्यभर चालवली, काळी-पिवळी. दादर टीटीला स्टँड, रात्री नायगाव क्रॉस रोडला पार्किंग. 20 वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून 2022 साली गाडी भंगारात दिली. त्यानंतर बाबांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. माझ्या हॅचबॅकलाही नाही. ‘नको रे, सवय गेली’ एवढंच म्हणतात. खरं सांगायचं तर ही अमेरिकेची ट्रिप मी अर्धी त्याचसाठी जमवली होती.

पण आधी गाडी. आमच्या पिढीला चार्जर ठाऊक आहे ती 2001 च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’मधली, डॉमिनिक टोरेटोची काळी 1970 मॉडेल. मूळची 1966 ची, दोन दारांची. 2005 मध्ये डॉजने हे नाव पहिल्यांदा चार दारांच्या सेडानला लावलं, तेव्हा जुने चाहते जाम भडकले होते. मग तीच सेडान अमेरिकन पोलिसांची लाडकी झाली. व्ही-एट इंजिनवाली ती गाडी 2023 मध्ये संपली. आता आलीय ती दोन दारांतही मिळते, चारांतही. ‘सिक्सपॅक’ घ्या, तर सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ‘डेटोना’ घ्या, तर इलेक्ट्रिक. दादाने घेतली डेटोना. 670 हॉर्सपॉवर, किंमत साठ हजार डॉलरच्या वर. हप्ते मी विचारले नाहीत.

आकार म्हणाल तर सव्वापाच मीटर लांब, दोन मीटर रुंद. मी मनातल्या मनात हिशेब केला, साधारण 115 चौरस फूट! आमची चाळीतली खोली 160 ची. त्यात आम्ही सहा जण झोपायचो.

नाकावर एक गंमत आहे. बॉनेटच्या पुढे आडवी पट्टी आणि तिच्याखालून हवा आरपार जाते. त्यामुळे तोंड 1968 च्या चार्जरसारखं सपाट दिसतं, पण हवा अडत नाही. हे मला मनापासून आवडलं. मागची काच डिकीच्या झाकणासकट उघडते, म्हणजे सामानाला जागाच जागा. मागच्या सीटवर मी ऐसपैस बसलो. मागे बघायला मात्र काचेची फट. दादा कॅमेऱ्याच्या भरवशावर रिव्हर्स घेतो.

हायवेला लागल्यावर दादाने पाय दाबला. पोटात गोळाच आला! अडीच टनांहून जड गाडी अशी सुटते, यावर विश्वास बसत नाही. आणि मागून व्ही-एटची डरकाळी.

‘‘बॅटरीची गाडी ना? मग हे काय बोंबलतंय?’’ बाबांनी विचारलं.

दादाने ऐटीत सांगितलं की हा आवाज मुद्दाम बनवलाय, मागे त्यासाठी वेगळी चेंबर आहे, कंपनी म्हणते 126 डेसिबल. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘आवाजावरून आम्हाला कळायचं, प्लग मारतोय की व्हॉल्व्ह. यावरून काय कळणार?’’

मला ते पटलं. टपावर टोरेटोचं नाव टिकवायचं म्हणून स्पीकरमधून गर्जना? बटण दाबून आवाज बंद होतो. बंद झाल्यावरच ही गाडी मला जास्त आवडली. शांत, तरीही अंगावर येणारी.

आपल्याकडे उलटं झालं होतं, नाही का? फियाट 1100 चं नाव सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झालं, गाडी मात्र तीच राहिली. चाळीस हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. नवं नाव कागदावर, तोंडात ‘फियाट’च. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हाही बाबा ‘फियाट संपली’ असंच म्हणाले.

परतताना दादाने एका मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी थांबवली. ‘‘काका, बसा की पुढे. चालवू नका, नुसते बसा.’’

‘‘नको रे.’’

‘‘काका...’’

उतरले. डाव्या बाजूला जाऊन बसले. आधी सीट पुढे घेतली, मग आरसा नीट केला. तोही दोनदा, जसा रोज सकाळी करायचे तसा. गिअर खाली मधोमध, पिस्तुलाच्या मुठीसारखा. तिकडे त्यांनी बघितलंही नाही. डावा हात आपसूक स्टिअरिंगमागच्या दांड्यावर गेला आणि गिअर टाकल्यासारखा खाली आला.

डावा इंडिकेटर लागला. टिक्, टिक्, टिक्.

‘‘बंद करू का, बाबा?’’

‘‘राहू दे जरा,’’ ते म्हणाले.