अध्यक्षीय भाषण अडलं तेव्हा
लेखमाला : मनाचं शास्त्र, माणसांचं राजकारण

सप्टेंबर १९६९. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचं, म्हणजे ‘एपीए’चं, अधिवेशन भरलं होतं. मानसशास्त्राचं ज्ञान तज्ज्ञांनी स्वतःपाशी न ठेवता लोकांना देऊन टाकावं, असं अध्यक्ष जॉर्ज मिलर यांच्या भाषणाचं सूत्र होतं. नेमक्या त्याच वेळी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा एक गट मंचावर चढला. गॅरी सिम्पकिन्स त्यांचा पुढारी. पदव्युत्तर वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि प्राध्यापक घ्या, शिक्षणासाठी अर्थसाहाय्य द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ज्ञान वाटायला निघालेल्यांना, ते कुणाच्या हाती पडतं हे आधी विचारणारं कुणीतरी भेटलं!

ही मुलं एकाएकी उगवली नव्हती. आदल्याच वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात, ‘असोसिएशन ऑफ ब्लॅक सायकॉलॉजिस्ट्स’ स्थापन झाली होती. या व्यवसायात कृष्णवर्णीय नगण्य आहेत, चाचण्या त्यांच्यावर अन्याय करतात आणि एपीए सामाजिक प्रश्नांकडे पाठ फिरवते, या तिच्या संस्थापकांच्या तक्रारी. जुन्या वाड्यात एक खोली मागण्याऐवजी त्यांनी शेजारी आपलं घर बांधलं. एपीएचा विभाग न होता स्वतंत्र राहण्याचा हा निर्णय सगळ्यात शहाणपणाचा होता, कारण त्यानंतर त्यांना गप्प बसवणं एपीएच्या हातात उरलं नाही.

चाचण्यांची तक्रार तर थेट न्यायालयात गेली. कॅलिफोर्नियाच्या शाळांत बुद्ध्यंक ७५ पेक्षा कमी भरला की मुलाची रवानगी मतिमंदांच्या वर्गात होई. राज्यातल्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुलं दहा टक्क्यांच्या आसपास, पण या वर्गांत मात्र ती सुमारे पाव हिस्सा! १९७१ मध्ये पालकांनी दावा लावला. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी दावेदार मुलांना पुन्हा तपासलं. मुलांशी आधी सूर जुळवला, प्रश्न त्यांना परिचित असलेल्या भाषेत विचारले. सगळ्या मुलांचे गुण ७५ च्या वर गेले. १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत टाकण्यासाठी बुद्ध्यंक चाचणी वापरायला मनाई केली. ‘लॅरी पी.’ या नावानं हा खटला ओळखला जातो. परीक्षक कोण, यावर एखाद्या मुलाची अख्खी शाळा ठरते, तेव्हा व्यवसायात कोण शिरतं हा प्रश्न नुसत्या मानाचा राहत नाही.

दरम्यान एपीएनं केनेथ क्लार्क यांना अध्यक्ष निवडलं होतं. १९७१ सालचे हे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. गोऱ्या-काळ्या बाहुल्या दाखवून मुलांच्या मनातला वर्णभाव तपासणाऱ्या प्रयोगाचे क्लार्क ते हेच. पत्नी मेमी यांच्यासोबत केलेल्या त्या कामाचा आधार शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात घेतला गेला. (डॉ. आंबेडकर शिकले त्याच कोलंबिया विद्यापीठातून क्लार्क यांनी १९४० मध्ये पीएच.डी. मिळवली.) त्यांनी संघटनेला सामाजिक जबाबदारीचं भान देण्याचा प्रयत्न केला खरा, पण एका अध्यक्षाची मुदत एकच वर्षाची.

मग यंत्रणा हळूहळू हलली. १९७४ पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती, १९७८ मध्ये याच प्रश्नावर डलेस इथली परिषद, पुढच्या वर्षी अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र कार्यालय, १९८६ मध्ये स्वतंत्र विभाग. रिचर्ड सुइन हे आशियाई वंशाचे पहिले अध्यक्ष व्हायला १९९९ उजाडलं. पहिली लॅटिना अध्यक्ष मेल्बा वास्केझ यांच्या रूपानं २०११ मध्ये लाभली.

अध्यक्षपदं दिसतात, खरी गाठ मात्र एपीएच्या प्रतिनिधी मंडळात होती. धोरणं आणि ठराव तिथे ठरतात. तिथल्या जागा वाटण्यासाठी प्रत्येक सभासदाला १० मतं मिळतात आणि ती त्यानं विभाग व राज्य संघटनांमध्ये वाटायची असतात. ज्यांची संख्याच मुळात कमी, त्यांना या हिशोबात जागा कुठून मिळणार? म्हणून कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो आणि मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या चार संघटनांना मताधिकारासह प्रत्येकी एक जागा द्यावी, असा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव २००७ मध्ये सभासदांपुढे आला. अर्ध्याहून अधिक मतं बाजूनं पडली. तरी तो फेटाळला गेला, कारण घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात. अल्पसंख्याकांच्या जागेचा निर्णय बहुसंख्याकांच्या मतानं, तोही साध्या बहुमतापेक्षा चढ्या अटीवर!

२०२१ मध्ये याच संघटनेनं आपल्या वंशवादी इतिहासाबद्दल जाहीर माफी मागितली. त्या माफीनाम्यात काय आहे, ते पुढच्या भागात.