बर्लिनचा पोलीस परतला, मुंबईचा नाही

ऑक्टोबर 2020 मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरारसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं आणि भाईंदरमधल्या इंद्रलोक वस्तीचा पोलीस ‘ठाणे ग्रामीण’मधून शहरात आला. मुंबईच्या पडद्यावर शहरी पोलीस त्याच्या 93 वर्षं आधीच उभा राहिला होता, तोही एका बाईच्या रूपात. इंपीरियल कंपनीच्या, मोहन भवनानी दिग्दर्शित ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त (1927) सुलोचनाने आठ भूमिका केल्या, त्यांतली एक पोलिसाची. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स; आधी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करणारी ती तेव्हा मूकपटांची सम्राज्ञी झाली होती.

2027 मध्ये या मूकपटाची शंभरी. दाखवायला चित्रपटच उरलेला नाही.

बर्लिनमध्ये 1929 साली जो मेचा ‘आस्फाल्ट’ आला. वाहतूक सांभाळणारा तरुण पोलीस हिरे चोरणाऱ्या बाईला पकडतो आणि तिच्याच प्रेमात गुंततो. त्याच्या हातून खून होतो. बापही पोलीसच, मुलाची कबुली ऐकून तो गणवेश चढवतो आणि त्याला स्वतः ठाण्यात नेतो. मुंबईत असं काही रंगवायचं धाडस कोण करणार? 1920 पासून सेन्सॉर मंडळाचे अध्यक्ष खुद्द पोलीस आयुक्तच होते.

बोलपट आल्यावर पोलिसाला संवाद मिळाले, आणि पुढची कित्येक वर्षं तो तेच ते बोलत राहिला.

चित्रपट जपण्याच्या कहाणीत नव्वदचं दशक मात्र काळजात रुतून बसलं आहे. भाईंदरहून लोकलने फिल्म सोसायटीच्या खेळांना जाणारे प्रेक्षक तेव्हा होते, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून सोसायट्यांना प्रिंट मिळत. तो संग्रह उभा करणारे पी. के. नायर 1991 मध्ये निवृत्त झाले. त्याच दशकात जर्मनांनी मॉस्कोत जपलेल्या प्रतीवरून ‘आस्फाल्ट’ पुन्हा उभा केला. इथे इंपीरियलच्याच ‘आलम आरा’ची उरलेली रिळं चांदी काढून विकली गेल्याचं नायर सांगत राहिले. रिळांतली चांदी मोलाची ठरली, त्यावरची माणसं नाहीत. 2003 मध्ये पुण्यातच आगीत जुनी नायट्रेट रिळं खाक झाली.

मार्च 2022 मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. चित्रपट जपणं हे स्वतंत्र काम आहे. ते निर्मिती आणि विक्री पाहणाऱ्या संस्थेच्या पदरात टाकणं चूकच होतं. शंभरीआधी महामंडळाने परदेशांतल्या संग्रहांकडे सुलोचनाच्या मूकपटांची रीतसर चौकशी करावी. मॉस्को, बर्लिन, लंडन, जिथे जिथे नायट्रेटची कोठारं आहेत तिथे यादी पाठवावी, आणि आलेली उत्तरं लोकांसमोर ठेवावीत.