कथेतील मूल आणि भाषेतील नाते : तेलुगु वारशाच्या संक्रमणाचा एक विचार

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात तेलुगु ही आपली मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या आठ कोटी अकरा लक्षांहून अधिक होती. एवढा मोठा समाज जिच्या पाठीशी आहे, त्या भाषेच्या भवितव्याची चिंता का वाहावी, असा प्रश्न प्रथमदर्शनी उद्भवतो. तथापि भाषेचे संक्रमण जनगणनेच्या कोष्टकात होत नसून घरात होते. जोशुआ फिशमन यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पिढीकडून पिढीकडे होणाऱ्या या घरगुती संक्रमणासच भाषारक्षणाचा कणा मानले आहे. सोलापुरात स्थिरावलेल्या पद्मशाली विणकराचे घर असो अथवा अमेरिकेतील तेलुगु कुटुंब असो, आजीचे तेलुगु बोलणे नातवास समजते, पण तो उत्तर देतो मराठीत किंवा इंग्रजीत, अशी स्थिती आली की साखळीचा एक दुवा सैल झाला असे समजावे.

यावर उपाय म्हणून ऐकणाऱ्या मुलालाच पात्र करून सांगितलेल्या कथांचा पुरस्कार होत असतो. अशा कथेचा ढोबळ अर्थ, नायकाच्या नावाच्या जागी मुलाचे नाव घालणे, असा घेतला जातो. हा अर्थ किती अपुरा आहे, हे तेलुगु व्याकरणच दाखवून देते. 'रवि' या नावास चतुर्थीचा प्रत्यय लागून 'रविकि' होते, तर 'सीत' या नावाचे लेखी भाषेत 'सीतकु' होते. क्रियापदाचे तर याहून अधिक. मुलगा आला तर 'वच्चाडु', मुलगी आली तर 'वच्चिंदि'. आणि हेच दुसरे रूप गायीसही लागते, कारण तेलुगुत तृतीय पुरुषी एकवचनाचा भेद पुरुष आणि पुरुषेतर असा आहे. म्हणजे नाव बदलताच वाक्यावाक्याची घडी बदलते. उलट द्वितीय पुरुषात 'नुव्वु वच्चावु' हे एकच रूप मुलास व मुलीस सारखे चालते. मराठीत 'तू आलास' व 'तू आलीस' असा भेद करावा लागतो. मुलास समोर बसवून त्यालाच उद्देशून कथा सांगणे तेलुगुस अशा रीतीने विशेष सोयीचे आहे.

परंतु व्यक्तिनिष्ठ कथेचे खरे बळ नावात नसून नात्यात आहे. आईची आई 'अम्मम्म' आणि वडिलांची आई 'नानम्म'. मराठीतील 'आजी' या एका शब्दात हा भेद लोपतो. आईची थोरली बहीण 'पेद्दम्म' आणि धाकटी 'पिन्नि'. मराठीत दोघीही मावशीच. इंग्रजी बोलणाऱ्या परिसरात तर मावशी, आत्या, काकू, मामी या साऱ्यांना एकाच शब्दात कोंबले जाते. कथेतील प्रवासात मूल 'पिन्नि'कडे उतरते की 'मेनत्त'कडे, म्हणजे आत्याकडे, हे सांगताना कुटुंबाची रचनाच त्याच्या मनात उमटत असते. सर्वनामांचेही असेच आहे. 'मनमु' म्हणजे ऐकणाऱ्यासह आपण, आणि 'मेमु' म्हणजे ऐकणाऱ्यास वगळून आम्ही. हा भेद मराठीतही असल्याने मराठी परिसरात वाढणाऱ्या तेलुगु मुलास तो परका वाटू नये. हिंदीत किंवा इंग्रजीत मात्र त्यास आधार नाही. आजी 'मनमु' म्हणते त्या क्षणी मूल कथेत सामील झालेले असते, मग त्याचे नाव उच्चारले जावो वा न जावो.

ही कल्पना बाहेरून आणण्याचीही आवश्यकता नाही. 'अनगनगा' या शब्दाने तेलुगु लोककथा आरंभते. 'अनु' म्हणजे म्हणणे, या धातूपासून तो साधला आहे. कथा ही सांगितली जाणारी वस्तू आहे, याची खूण पहिल्याच शब्दात आहे. सात माशांची कथा तेलुगु घरांतून सर्वपरिचित आहे. राजाची सात मुले सात मासे आणून वाळत घालतात. एक वाळत नाही. का, तर गवताची गंजी आड आली. गंजी का उरली, तर गायीने चरली नाही. अशी कारणांची साखळी गुराख्यापासून त्यास जेवण न वाढणाऱ्या स्त्रीपर्यंत, तेथून रडणाऱ्या मुलापर्यंत आणि शेवटी त्यास चावलेल्या मुंगीपर्यंत पोहोचते. मुंगीचे म्हणणे असे की, आपल्या सोन्याच्या वारुळात कोणी बोट घातल्यावर चावू नये तर काय करावे! या साखळीतील रडणारे मूल निनावी आहे. ती जागा ऐकणाऱ्या बालकासाठीच जणू मोकळी ठेवलेली आहे. तेथे त्याचे नाव येताच साऱ्या घोटाळ्याचे मूळ तोच ठरतो आणि हसत हसत पुढचा प्रश्न स्वतः विचारू लागतो. 'एंडलेदु', 'मेयलेदु', 'पेट्टलेदु' (वाळला नाही, चरली नाही, वाढले नाही) या पुनरावृत्तीतून भूतकाळी नकाराचे रूप त्याच्या जिभेवर बसते. '-लेदु' हे रूप लिंगवचनाने बदलत नसल्याने पहिल्या धड्यास ते सुलभही आहे.

सणाचारांविषयीही हाच न्याय लागू पडतो. भोगीच्या दिवशी आंध्रातील घरांतून लहानग्यांच्या डोक्यावर बोरे ओततात, त्यास 'भोगिपंड्लु' म्हणतात. आपल्याकडील बोरन्हाणाशी त्याचे साम्य उघड आहे. सणाची माहिती सांगण्यापेक्षा, त्या बोरांपैकी एक बोर घरंगळत कोठे गेले याची कथा त्याच मुलाविषयी रचली, तर आचार व शब्द एकत्रच स्मरणात राहतात.

भाषेचा स्तर कोणता असावा, याचे उत्तर गिडुगु राममूर्ति (१८६३–१९४०) यांच्या व्यावहारिक तेलुगुच्या चळवळीत मिळते. ग्रांथिक भाषेऐवजी बोलती भाषा शिक्षणात व लेखनात यावी, हा त्यांचा आग्रह होता. तेलंगणातून आलेल्या कुटुंबाने मुलास तेलंगणातील बोलीतच कथा सांगावी. 'शुद्ध' भाषेच्या भयाने आजी गप्प बसली, तर शुद्ध किंवा अशुद्ध असे काहीच उरणार नाही.

अशा कथेची कसोटी मूल किती तन्मयतेने ऐकते ही नव्हे. तीच कथा ते धाकट्या भावंडास, मोडक्यातोडक्या का होईना, तेलुगुत सांगू लागले, तरच संक्रमण घडले असे म्हणता येईल.