एका विटेची जागा

मावळात पावसाचे दिवस आले, की आजही माझे कान आधी पावशाकडे लागतात. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ अशी त्यानं हाक दिली, की आमची आजी परसात दोडक्याच्या बिया लावायला बसायची. पंचांगावर किंवा रेडिओवरच्या हवामानावर तिचा एवढा भरवसा कधीच नव्हता.

तळेगावहून इंद्रायणी ओलांडून पुढे गेलं, की आमचं नवलाख उंबरे. आता औद्योगिक वसाहतीमुळे रस्ते रुंद झालेत. तेव्हा चहूकडे भातखाचरं होती आणि मध्ये आमचं कौलारू घर. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळी, कुंपणाला जास्वंद, मागे पेरू, शेवगा, कुठंही उगवलेली अबोली. बाग म्हणावी अशी काही आखणी त्यात नव्हती. पेरूची वरच्या फांदीवरची फळं काढायची नाहीत, ती पाखरांची, एवढा एकच नियम.

आजीला अक्षरओळख नव्हती. पण विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकू लागले, की ती धुणं बाजूला ठेवून बघत राही. “खोपा इणतो तो दादला, पिवळ्या डोक्याचा. बायको येती, बगती, पसंत पडलं तरच ऱ्हाती,” असं सांगून ती आजोबांकडे पाहून हसायची. पुढे पक्ष्यांवरच्या पुस्तकात मी वाचलं, की नर खोपा अर्धा विणून थांबतो आणि मादीनं पसंत केला तरच पुरा करतो. मी चाट पडलो!

चिमण्या तर तिच्या घरच्याच. कौलांखालच्या सांदीत त्यांची घरटी असायची आणि भात कापला, की लोंब्यांची एक जुडी त्यांच्यासाठी ओसरीच्या वाशाला टांगली जायची. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली ‘इंद्रायणी’ तांदूळ आला, आमच्याही खाचरात शिरला. आजीनं मात्र चिमण्यांपुरता आंबेमोहोर लावणं सोडलं नाही.

१९९६ साली आम्ही ते घर पाडून स्लॅबचं बांधलं. पैसे माझे, म्हणून हुकूमही माझा. गवंडी छताजवळ आला तेव्हा आजी म्हणाली, “आरं, एक ईट सोड की चिमनीला.” मी म्हटलं, “आजी, नव्या घरात कचरा नको.” झरोक्यांनाही मी जाळी ठोकून घेतली. “त्या दोडक्यावरच्या आळ्या मग तू खानार व्हय?” एवढं बोलून ती गप्प झाली. चिमणी दाणे टिपते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पिलांना मात्र ती अळ्या आणि किडे भरवते, हे आजीला ठाऊक होतं.

तिनं पेरूला एक भोक पाडलेलं मडकं टांगलं. त्यात दयाळ येऊन राहिला. “आसू दे, तो गातो तरी,” ती म्हणाली. पण लोंब्या टांगायला वासाच उरला नव्हता.

२००४ साली ती गेली. दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवला नाही, की घरची माणसं मयताची राहिलेली इच्छा ओळखून कबुली देतात. माझी कबुली तयार होती. ती ओठांवर यायच्या आतच कावळा शिवला! जन्मभर कावळ्यांना घास घातलेली बाई. तिच्यासाठी त्यानं ताटकळत कशाला ठेवावं? “सुटली,” सगळे म्हणाले. तिनं माझ्याकडे काही मागितलंच नाही, आणि माझं वाक्य घशात अडकून राहिलं.

त्याच आठवड्यात मी छताखालची एक वीट काढून घेतली. पहिल्या वर्षी तिथं साळुंकी घुसली आणि चिमणा-चिमणी बाहेरूनच भांडून गेली. २०१०पासून २० मार्चला चिमणी दिन साजरा होऊ लागला, तेव्हा कुठं वाचनात आलं, की चिमणीला सव्वा इंचाचं भोक पुरतं, मोठ्या पाखराला ते अपुरं पडतं. मग फळी कापून तसं भोक पाडलं आणि विटेच्या जागी बसवली.

आता ओसरीवर रोज काड्या पडतात. बायको केर काढताना कुरकुरते. आंबेमोहोराच्या लोंब्यांची जुडी मी झरोक्याच्या त्या जुन्या जाळीलाच बांधतो.